दाजींच्या मेंदूचं वय

देवानं काही माणसांना डोकं दिलंय ते निव्वळ दुसऱ्याचं खाण्यासाठी, आणि त्यांत आमच्या दाजींचा नंबर पहिला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उत्रोलीला भातशेती. पूर्वी चांगले होते हो! पण भाचीनं पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला, त्यात कोड्यांचा एक खेळ निघाला आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. त्यात पटापट गणितं सोडवायची, हरवलेला आकडा शोधायचा आणि शेवटी कॉम्प्युटर म्हणे तुमच्या मेंदूचं वय सांगतो! पासष्टी ओलांडलेल्या दाजींना त्यानं अडतीस सांगितलं. झालं! भाऊबीजेला मी गेलो तर दाजी चक्क माझ्या पाया पडायला वाकले. "मेंदूच्या वयानं तुमी वडील, पाव्हणं!"

नसरापूरला माझं दुकान आहे. ऐन गिऱ्हाइकाच्या गर्दीत फोन यायचा, "पाव्हणं, तेराचा वर्ग सांगा बिगीनं!" शेअर रिक्षात बसले की शेजारच्याला वजाबाकी घालायचे. एक म्हातारी तर वैतागून मधेच उतरून चालत गेली. भातलावणीला बाया चिखलात ताटकळल्यात, आणि हे घरातून ओरडतायत, "थांबा गं, येवढं कोडं सुटू द्या!" आक्का म्हणायची, "एक दिस ह्ये डबडं खाचरात टाकते का न्हाई बग!" मी म्हटलं, टाकच.

यंदा मात्र दाजींचे फोन अचानक थांबले. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच आक्काचा फोन, "तू ये बाबा. ह्ये जेवत न्हाईत." गेलो. कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला आणि दाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. मेंदूचं वय वाढत वाढत ऐंशीच्या वर गेलं होतं.

"आईचं झालं त्येच माजं व्हनार," दाजी म्हणाले. त्यांची आई शेवटी पोटच्या पोरालाच 'तुमी कोन गावचं?' म्हणून विचारायची. "पाव्हणं, उद्या म्या तुमाला वळखलं न्हाई तर रागावू नगा."

मला गलबलून आलं आणि संतापही आला. एका खेळापायी जेवण सोडायचं म्हणजे काय! टॉवेल ओढला, दाजींना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "मी वाचतो, तुम्ही फक्त उत्तर द्या." माझं वाचून होण्याआधी उत्तर तयार! एकही चुकलं नाही. मग म्हटलं, "आता तुम्ही वाचा." दाजींनी पडद्याला नाक टेकवलं. "तीन अधिक पाच."

समोर आठ अधिक सहा होतं.

"अहो दाजी, डोकं नाही, डोळे गेलेत तुमचे!"

"तरीच!" आक्का स्वयंपाकघरातून ओरडली. "परवा माजी चप्पल घालून गावभर हिंडून आले!"

तरी दाजी ऐकेनात. "माजं डोळं ठणठणीत हायेत," हे पालुपद भोरच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत चालू होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. कित्येक वर्षं हा माणूस सगळं धुरकटच बघत होता, आणि यंदा तर पडद्यावरचे आकडेही दिसेनासे झाले होते.

दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर भेटायला गेलो. दाजी पडवीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसते पाहतच राहिले. मला वाटलं, ओळखलं नाही की काय!

"पाव्हणं," शेवटी ते म्हणाले, "तुमी कवा वो येवढं म्हातारं झालात?"

"तुमच्या कोड्यांनी झालो!" मी खेकसलो. पण खरं सांगतो, बरं वाटलं.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन बाहेर आली. केस पांढरेफटक, चेहऱ्यावर सुरकुत्या. दाजी तिच्याकडे वळले. आता हिलाही काहीतरी बोलणार, म्हणून मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

पण तिला ते काहीच म्हणाले नाहीत. चहा निवून गेला तरी तिच्याकडे बघत राहिले.