रहमतबीच्या माहेरचं पाणी

आमच्या धर्माबादचा निजामोद्दीन गाद्या भरतो अन् गोदावरीच्या पाण्यावरून बायकोशी भांडतो. त्याच्या शेजारी राहून माझी दुपारची झोप गेली. त्याची बायको रहमतबी तेलंगणातली. दर जुलैत कोर्टाच्या हुकमानं आमच्या बंधाऱ्याची दारं उचलतात अन् अडवलेलं पाणी तिच्या माहेराकडं वाहून जातं. त्या दिवशी हा पठ्ठ्या जेवत नाही.

"तुझ्या माहेरचे नुसतं नेतात," म्हणतो. "लग्नाला तीस वर्षं झाली, तिकडून कधी काही आलं का?"

रहमतबी भाकरी थापत राहते.

गेल्या पावसाळ्यात खालचं, तेलंगणातलं मोठं धरण तुडुंब भरलं. त्याचा फुगवटा मागं सरकत सरकत थेट आमच्या गल्लीत शिरला. मी मदतीला धावलो. निजामोद्दीन गुडघाभर पाण्यात उभा होता. डोक्यावर भिजलेली गादी, तिचं पाणी दाढीतून गळून राहिलेलं, अन् तोंडात तेलंगणवाल्यांना शिव्या.

रहमतबी पलंगावर मांडी घालून पान लावत होती.

"शिव्या कायला देता?" ती म्हणाली. "तीस वर्षं विचारून राहिले ना? आलं बघा माझ्या माहेरहून. ठेवा आता, किती ठेवता ते."