सिरसाळ्याचं विरजण

पीएच.डी.साठी मी दही हा विषय घेतला, तेव्हा आईनं फोनवर विचारलं, "एवढं शिकून पुन्हा दहीच लावायचं का?"

मी अंबाजोगाईत एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या विषयातले मोठे लोक समुद्राच्या तळातले आणि गरम झऱ्यांतले जंतू शोधत फिरतात. बीड जिल्ह्यात समुद्र नाही, आणि उन्हाळ्यात साधं पाणी कुठं मिळेल याचीच चौकशी असते. दही मात्र घरोघर लागतं, आणि प्रत्येक घरचं वेगळं लागतं. आपल्या पोटात जहाल आम्ल असतं, त्यात दह्यातले बहुतेक जंतू मरून जातात. जे तगतात ते पुढं आतड्यात पोचून तब्येतीच्या उपयोगी पडू शकतात. असे चिवट जंतू आपल्याकडच्या घरगुती विरजणात आहेत का, हे मला पाहायचं होतं.

विद्यापीठातल्या माझ्या गाईड मॅडमनी त्यात भर घातली. म्हणाल्या, "नुसती डबी भरून आणू नको. विरजण कुठून आलं, ते कसं सांभाळतात, कुणाला देतात, कधी देत नाहीत, तेही विचारून ये. एक प्रकरण त्याचं करू." अशा तऱ्हेनं माझ्या शास्त्राच्या प्रबंधात बायकांच्या गप्पांची सोय झाली.

गावोगाव एकटीनं फिरायचं म्हणजे अवघड होतं. नवरा लातूरला बँकेत, तो शनिवारी यायचा. मग सासरे म्हणाले, "मी येतो की. घरी बसून पाय आखडलेत." सासरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाडीत बसले की मागं वळून "आत सरका, आत सरका, मधी जागा हाय" असं म्हटल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मी त्यांना मामा म्हणते. जिल्ह्यात असा फाटा नाही जिथं त्यांना कुणी ओळखत नाही.

पहिल्यांदा आम्ही घाटनांदूरला गेलो. एका शेतकरी घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. घरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाल्या, "या वक्ताला इरजण घराबाहेर जात न्हाई, मॅडम."

"लांबून आलोय हो," मी म्हटलं.

"मग देठासकट लाल मिरची टाकून देते. तसं चालतंय."

आता पंचाईत माझी झाली. मिरचीच्या देठावर स्वतःचे जंतू असतात, नुसत्या देठानंसुद्धा दूध विरजतं. त्यांची मिरची म्हणजे माझ्या डबीत आगंतुक पाहुणे. मी तसं समजावून सांगितलं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग सकाळी या. आता पिठलं टाकते, जेवून जावा." आम्ही पिठलं-भाकरी खाऊन शेवटच्या गाडीनं परत आलो आणि सकाळी पुन्हा गेलो. गाडीत मामा म्हणाले, "पोरी, तुझा अभ्यास लई चांगला हाय. जाईल तिथं जेवायला मिळतंय."

असं करत करत बऱ्याच घरांचं विरजण गोळा झालं. त्यात एक सिरसाळ्याचं होतं. रस्त्याकडेला पंक्चर काढायचं दुकान आणि मागच्या अंगाला घर. दुकानदाराची बायको माझ्याहून थोडी मोठी, तरी मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायच्या. मी त्यांना भाभी म्हणायला लागले. त्यांनी गाडगं तिरपं करून दाखवलं तर दही जागचं हललं नाही.

"क्या डालते इसमें?" मी विचारलं.

"कुछ न्हई बाजी. दूध और जामन, तुम्हारा इरजण. और सबर."

तेच दही प्रयोगशाळेत सगळ्यांना भारी ठरलं. आम्लात ठेवून बाहेर काढलं तरी त्यातले जंतू दुसऱ्या दिवशी ताटलीभर वाढून वर आलेले. मी फोटो पाठवला तेव्हा गाईड मॅडमचा लगेच फोन आला. "हे जिवापाड सांभाळ," त्या म्हणाल्या.

सांभाळायचं म्हणजे काय, तर मोठ्या ठिकाणी त्यासाठी बर्फाहून कितीतरी थंड फ्रीझर असतो. आमच्या कॉलेजात एक साधा फ्रीज होता, आणि त्यात परीक्षेच्या काळात सरांच्या पाण्याच्या बाटल्याही असायच्या. म्हणून मी खबरदारी घेतली. जंतूंच्या नळ्या कॉलेजात ठेवल्या आणि थोडं मूळ विरजण स्टीलच्या डबीत घालून घरी आणलं. उकळून निवलेल्या दुधात ते पुन्हा पुन्हा लावत राहायचं आणि डबी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून इंग्रजी अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं.

मे महिन्यात वीज सारखी जायला लागली. सुट्टीत कॉलेज बंद, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी गेले तेव्हा फ्रीजमधून वास येत होता आणि नळ्यांत काळी-हिरवी बुरशी चढली होती. वाईट वाटलं, पण हातपाय गळाले नाहीत. घरी डबी होती.

घरी येऊन फ्रीज उघडला. वरचा कप्पा मोकळा. वळून पाहिलं तर डबी घासून-पुसून जाळीत पालथी घातलेली. चिकटपट्टीसुद्धा खरवडून काढली होती.

मामा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

"मामा, ती पट्टीवाली डबी?"

"दही व्हतं त्यात. भाकरीसंग खाल्लं."

"सगळं?"

"चाटून. लई झ्याक लागलं. कावून?"

मी खाली बसले. माझा चेहरा बघून त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "पोटात काय व्हईल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला काही होणार नाही. झाला तर फायदाच होईल," मी म्हटलं. मग मला रडू येईल असं वाटलं आणि प्रत्यक्षात हसू आलं. मी काय झालं ते सांगितलं. मामा हसले नाहीत. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर कळवलं, तो मात्र इतका हसला की मी फोन ठेवून दिला.

सकाळी उठून पाहते तर मामा आंघोळ करून, टोपी घालून, माझी बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसलेले. "चल सिरसाळ्याला. मी खाल्लं, मीच आणून देतो."

सिरसाळ्यात भाभी आम्हाला बघून खूश झाल्या, पण विरजण म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं. "वो तो गया, बाजी." भाचीच्या लग्नाला त्या परभणीला गेल्या, तिथं मुक्काम वाढत गेला. मागं पुरुष माणसं. त्यांनी दही संपवलं आणि गाडगं धुऊन ठेवलं. मामांनी मान खाली घातली. आपल्यासारखी माणसं सगळीकडं आहेत याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

"लेकिन वो मेरा कब था," भाभी पुढं म्हणाल्या. "वो तो बाजूवाली काकी का था."

आम्हाला घेऊन त्या शेजारी गेल्या. काकी शेतकरी घरातल्या, नाकात मोठी नथ नसून साधी चमकी, गुडघ्यांना तेल लावत बसलेल्या. गुडघ्यांमुळं त्यांनी म्हैस विकली होती, म्हणून आता घरात दही लागतच नव्हतं.

"भाभी म्हणतात, विरजण मुळात तुमचं," मी म्हटलं.

"माझं कुठलं? एका सालाला आमचं सगळं नासलं, तवा हिच्या सासूनं दिलतं. त्यांचंच हाय ते."

"न्हई काकी. अम्मा बोलते थे, तुम्हारे घर से आया."

"तुझी सासू लई भली बाई व्हती. तिनं उगी म्हणलं आसंल."

बराच वेळ दोघी ते विरजण एकमेकींच्या पदरात घालत राहिल्या, आणि मी पेन हातात घेऊन नुसती ऐकत राहिले. शेवटी मामांनी मुद्द्याला हात घातला. "ते कुणाचं का आसंना. आता हाय कुणाकडं?"

काकी म्हणाल्या, "माझ्या लेकीकडं. आष्टीला दिलीय. माहेराहून दरवेळी डबी नेती."

त्यांनी तिथल्या तिथं लेकीला फोन लावला. पलीकडून दबका आवाज आला, "आई, हाय माझ्याकडं, पण आत्ता न्हाई बोलता येत. सासूबाई हितंच हायत." काकींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी आम्हाला पत्ता सांगितला, वर लेकीसाठी शेंगदाण्याची चटणीही दिली.

अंबाजोगाईहून आष्टी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. केज, मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड करत, गाड्या बदलत आम्ही पोचलो. वाटेत मामांनी दोन ठिकाणी उसाच्या रसाचा आग्रह केला आणि एका तरुण कंडक्टरला सुट्टे कसे ठेवावेत ते शिकवलं. तो बिचारा "हो काका" म्हणत राहिला.

आष्टीच्या घरी सासूबाईच दारात होत्या. उंच, करड्या आवाजाच्या. मी कॉलेजची ओळख सांगितली. "दही कशाला पायजे? सरकारचं हाय का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, अभ्यासासाठी."

"मग नीट घ्या. आमच्या घरासारखं दही आष्टीत मिळायचं न्हाई. माझ्या आजेसासूपासून चालत आलेलं हाय." आणि त्यांनी सुनेला हाक मारली, "ह्यांना आपलं इरजण दाव गं."

सून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. आत गेल्यावर तिनं आधी दार पुढं लोटलं.

"मॅडम, हळू बोला. ह्यांच्यातलं दही लई आंबट व्हायचं, पातळ. लग्न झाल्यावर मला घास उतरंना. मी गुपचूप आईचं आणून लावलं. सासूबाईंना तेच आवडाया लागलं. आता त्या सगळ्या गल्लीला सांगत्यात, आजेसासूचं हाय म्हणून."

"आणि खरं आजेसासूचं?"

"ते कवाच गेलं."

मला हसू आवरेना. मी तोंडावर पदर धरला. तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं गाडग्याच्या मधोमधलं दही माझ्या निर्जंतुक डबीत काढून दिलं. तेवढ्यात सासूबाईंची पावलं ऐकू आली. पण बाहेरून मामांचा आवाज आला, "अहो बाई, पूर्वी आष्टी-बीड गाडी ह्या आळीवरून जायची, तवा मी हितं आलतो," आणि पावलं परत फिरली. मामांनी त्यांना सगळ्या जुन्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. सासूबाईंनाही त्या पाठ होत्या. निघताना त्यांनी आम्हाला ताक दिलं आणि मला बजावलं, "पुस्तकात लिवाल तवा आमच्या घरचं म्हणून लिवा."

खरं सांगायचं तर मी ते लिहिलं. प्रबंधात "आष्टी येथील एका घरातील विरजण" असंच आहे. त्यात खोटं काही नाही.

प्रयोगशाळेत आणल्यावर मी आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तसेच लांबट, साखळीनं बसलेले. आम्लातही टिकले, पण सिरसाळ्याच्या इतके नाहीत. मी खट्टू होऊन मॅडमना फोन केला. त्या उलट उठून बसल्यासारख्या बोलायला लागल्या. "अगं, एकच विरजण दोन स्वयंपाकघरांत गेल्यावर बदललं असेल, तर तो प्रश्न जास्त चांगला आहे. दूध वेगळं, पाणी वेगळं, हात वेगळा. आता उलटी जा. कुणी कुणाला दिलं ते शोध." माझ्याजवळ सिरसाळ्याचे जुने निकाल होते, आष्टीचे नवे होते. मग शेजारणी, नणंदा, लेकी यांच्या मागानं आणखी घरं सापडत गेली. प्रत्येक ठिकाणी थोडं सारखं, थोडं निराळं. मुळात योजलेला प्रबंध बाजूला राहिला आणि हा झाला. मूळचा इतका सरळ होता की मलाच त्याचा कंटाळा आला असता.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक बारकाईनं वाचून आले होते. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "आराखड्यात मुख्य नमुना सिरसाळ्याचा आहे. पुढं तो एकदम नाहीसा होतो. नमुना नष्ट कसा झाला?"

मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, वीज, फ्रीज, बुरशी वगैरे. ते सगळं सांगितलं. "आणि दुसरी प्रत?" त्यांनी विचारलं.

मागच्या रांगेतून मामा उभे राहिले. स्वच्छ धोतर, टोपी. "ते मी खाल्लं, साहेब."

परीक्षकांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "कसं होतं?"

"झ्याक व्हतं."

"बसा," परीक्षक म्हणाले, आणि पुढच्या तक्त्याकडं वळले. पण त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ते हसताहेत.

पदवी मिळाल्यावर दारावरच्या पाटीत नावाआधी डॉक्टर आलं, आणि गल्लीत गैरसमज झाला. पहिल्याच आठवड्यात एकजण मुलाचा खोकला घेऊन आला. दुसऱ्यानं रक्ताचे रिपोर्ट आणले. मी सगळ्यांना सांगून थकले की मी तसली डॉक्टर नाही. परवा समोरच्या काकू कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. वर पांढरा थर आला होता.

"हे तरी तुमच्यातलं हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हे आहे," मी म्हटलं, आणि त्यांना आत बसवून बरणीचं झाकण उघडलं.