पेटीतला चांदीचा डॉलर

रोह्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू कुणाशी वाद घालत नाहीत. "व्हय, व्हय," म्हणतात. मला प्रत्येक काम यादीत लिहून ठेवावं लागतं. काकूंचं काय ठरलंय ते काम झाल्यावरच कळतं.

यंदा लक्ष्मीपूजनाला त्यांनी पेटीतला काळा पडलेला अमेरिकन डॉलर काढला. बोटीवर खलाशी असलेल्या त्यांच्या सासऱ्यांनी शेवटच्या आजारपणात तो काकूंच्या हातात ठेवला होता. मी फुलं द्यायला गेले, तेव्हा त्यांचे धाकटे दीर नाण्याचा फोटो काढत होते.

"वहिनी, दुर्मिळ नाणं हाय. चांदीच्या कितीतरी पट भाव येईल. पूजा झाली की मी विकायला नेतो. फक्त घासू नको हां, घासलं की नुसती चांदीची किंमत उरते."

"व्हय," म्हणत काकूंनी चिमूटभर रांगोळी घेतली आणि अंगठ्यानं नाणं घासायला सुरुवात केली.

"अगो वहिनी, काय करतेस? गेली ना किंमत!"

नाण्यावरची बाई लख्ख होईपर्यंत काकूंचा हात थांबला नाही. मग त्यांनी नाणं धुऊन पाटावर ठेवलं.

"आता कोण न्यायचा नाय," त्या म्हणाल्या. "भावजी, हळद-कुंकू वाहा."