गारठाबाईंचा उंचवटा

प्रयोगशाळेत तिला सगळे गारठाबाई म्हणत. चिडवायला नाही, कामच तसं होतं. अतिसंवाहक, म्हणजे गारठल्यावर विजेला अजिबात न अडवणाऱ्या, पदार्थाचा नखाएवढा काळा स्फटिक शीतयंत्रात ठेवायचा, एका टोकाला हलकीशी ऊब द्यायची आणि ती पलीकडे किती पोहोचते ते मोजत बसायचं. या पदार्थांना 'उच्च तापमानाचे' म्हणतात. पण ते तापमान असं, की त्यात हिवाळ्यालाही हुडहुडी भरावी. पन्नाशी आली तरी तिचं हेच चाललं होतं.

घरी फक्त आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ आणि वहिनी दुसऱ्या शहरात, रविवारी फोन करणारे.

"अजून तेच काळं खापर मोजतेस?" आईने एकदा केस विंचरून घेताना विचारलं.

"तेच. गारठलं की त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडीतले वीज विनासायास नेतात, पण उष्णतेला हात लावत नाहीत. ती वाहायची उरलेल्या एकट्यांनी, आणि स्फटिकाच्या थरथरीने."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," आई म्हणाली आणि लगेच ओशाळली. लेक हसली, पण आईची वेणी घालायची राहिल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

त्या वर्षी तिच्या आलेखावर एक उंचवटा दिसला. इलेक्ट्रॉन जोड्या करू लागले की उष्णतेचं वहन कमी व्हायला हवं, असं वाटतं. इथे ते आधी वाढत होतं आणि मग उतरत होतं. असा उंचवटा इतरांनाही दिसला होता, पण एवढा मोठा नाही. विभागप्रमुख खूश झाले. "परिषदेला हेच पाठवू," म्हणाले.

तिला मात्र चैन पडेना. तिने स्फटिक काढून त्या जागी काचेचा तुकडा बसवला. काचेतून उष्णता किती जाते हे ठाऊक असतं. यंत्राने ती कितीतरी जास्त दाखवली. तापमापकांच्या तांब्याच्या तारांतून ऊब हळूच निसटत होती आणि हिशोबात स्फटिकाच्या नावावर जात होती. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "हे परिषदेनंतर नसतं का कळलं तुम्हाला?"

"कळलं खरं आता."

"दमलेल्या दिसता."

"दमलेच आहे, सर. पण चुकीचं छापून आलं तर निस्तरताना आणखी दमेन. परत मोजते."

त्याच आठवड्यात आईला सांभाळणारी बाई काम सोडून गेली. गारठाबाईंनी भावाला फोन लावला, तोही रविवार नसताना.

"मला झेपत नाहीये रे."

"ताई, आधी का नाही बोललीस?"

"तू कधी विचारलंस?"

तो आला. बाहेरच्या खोलीत संगणक मांडून बसला, तोंड पाडून. चहा पाणचट करायचा. आई कुरकुरायची आणि तरी प्यायची. पहिले काही दिवस तो ताईशी कामापुरतंच बोलला.

प्रयोगशाळेत तिने तांब्याऐवजी उष्णता फारशी न नेणाऱ्या मिश्रधातूच्या, केसाहून बारीक तारा घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ती त्या एकेक करून चिकटवायची. एकदा स्फटिकाचा कोपरा उडाला. तिने उरलेल्या तुकड्यावर पुन्हा सुरुवात केली. डोळे चुरचुरायचे, खांदे धरायचे. दुपारी ती खुर्चीतच डुलक्या घ्यायची आणि कुणी उठवत नसे.

नवा उंचवटा जुन्याच्या निम्मा आला. पण आला, आणि काचेच्या कसोटीलाही उतरला. परिषद कधीच उरकली होती.

"झालं का?" ती घरी आल्यावर भावाने विचारलं.

"झालं. निम्मा खरा होता."

"आणि एवढ्यासाठी सगळा खटाटोप?"

"एवढ्यासाठीच."

जाण्याआधी त्याने आईसाठी दुसरी बाई शोधली आणि तिचा पगार मी देईन म्हणाला. दिवाणावर आडवं होत ताई "बरं" म्हणाली. खरंतर तिला आणखीही बोलायचं होतं, पण तेवढ्यात झोप लागली.