स्पिरिटात पाणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बी.एस्सी. होऊन वारणानगरच्या वाटेवरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. काचेच्या बाटल्यांत केळीची बोटभर रोपं वाढवायची, हे आमचं काम. बाटलीतल्या खाद्यात साखर असते, आणि साखर म्हटली की जंतू न बोलावता जेवायला येतात. म्हणून हात, टेबल, चिमटा, सगळं सारखं स्पिरिटने पुसायचं.

माझ्या हाताखाली गावातल्या बायका होत्या. त्यांतल्या सगळ्यांत वडील, त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. घरी म्हशी, पहाटे धारा काढून, डेअरीत दूध घालून त्या कामावर यायच्या. स्पिरिटात पाणी मिसळून बाटल्या भरायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं होतं. सात भाग स्पिरिट, तीन भाग पाणी.

आणि आमच्या बाटल्या नासू लागल्या. रोपाच्या बुडाशी पांढरा ढग जमायचा, की ती बाटली गेली. मालकांनी सांगून टाकलं, पुढची खेप नासली तर प्रयोगशाळेला कुलूप. सगळ्यांचीच नोकरी जाणार होती. मी आधीच तापट, त्यात घाबरलेली. केस झाका, बोलू नका, बांगड्या काढा, असा धोशा लावला. बांगड्यांवरून महाभारत झालं. शेवटी मनगटावर बांगड्या झाकणाऱ्या पट्ट्या बांधायला बायका तयार झाल्या, तरी ढग येतच राहिले.

एके दिवशी मी हाताला स्पिरिट चोळलं आणि ते चोळता चोळताच उडून गेलं. हात एकदम कोरडा. कपाटाखाली स्पिरिटात मिसळायच्या पाण्याचा कॅन पाहिला, तर गळ्यापर्यंत भरलेला.

"मावशी, स्पिरिटात पाणी घातलं न्हाय?"

मावशी ताठ उभ्या राहिल्या. "न्हाय घातलं. आमच्या दुधाची डिग्री डेअरीत कधी खाली आली न्हाय. सासूनं पाणी घातलं न्हाय, म्या घातलं न्हाय. आता म्हातारपणी घालू व्हय? समद्यांच्या पोटावर पाय येतोय म्हणून उलट चोख देत हुते की."

मला राग यायला हवा होता. मला हसू आलं, ते थांबेचना. मग त्यांना समजावलं. निव्वळ स्पिरिट लागलं की जंतूचं कातडं तिथल्या तिथं घट्ट होतं आणि आतला जीव शाबूत राहतो. शिवाय ते उडून जातं. पाणी असलं की ते रेंगाळतं, आत शिरतं आणि काम तमाम करतं.

मावशींनी स्पिरिटच्या बाटलीकडे रोखून पाहिलं. "म्हंजे चोखानं मरत न्हाय, भेसळीनं मरतंय?"

"व्हय."

"काय गं बया, असलं आडमुठं हाय व्हय ते." त्यांनी कॅन उचलला, मग थबकल्या. "दार लाव. पाणी घालताना कुणी बघाय नको."

मी दार लावलं. दुसरीकडे तोंड करून त्यांनी पाणी ओतलं, तेही मापात, थेंब इकडे तिकडे नाही.

पुढच्या खेपेच्या बाटल्या दिवसागणिक उजेडात धरून पाहायचो. तळाशी काही नाही. रोपं हिरवीगार, बाटल्या लख्ख. मालकांनी कुलपाचं नाव काढलं नाही, आणि मला इतका आनंद झाला की मी बायकांबरोबर खोलीबाहेर चक्क फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घरच्या म्हशीचं दूध आणलं, सगळ्यांना वाटलं. मी पेला तोंडाला लावला आणि खोडी काढली, "यात किती भाग पाणी, मावशी?"

"हाणीन," त्या म्हणाल्या. "पाणी जंतूला. माणसाला चोख."