एका फोनवरचे तीन पेशंट

चाचण्यांचा रिपोर्ट बनवणारा प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी कागदावर पायऱ्या लिहिल्या. प्लगइन उतरवून घ्यायचा, चाचण्यांच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव टाकायचं, निकाल कुठल्या फोल्डरमध्ये जातील ते ठरवायचं, चाचणी फसली तर त्या क्षणाचा स्क्रीनशॉट जोडायचा. मोताळ्याच्या घरातल्या मागच्या खोलीत बसून मी वेबसाइट बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीसाठी त्या वेबसाइट तपासते. हाताने नाही. मी लिहिलेला प्रोग्राम स्वतः ब्राउझर उघडतो, माणसासारखी बटणं दाबतो, रकाने भरतो आणि शेवटी काय झालं ते सांगतो. आजवर हे सांगणं काळ्या पडद्यावरच्या ओळींत असे आणि माझ्याशिवाय ते कोणी वाचत नसे. आता ज्यांची वेबसाइट होती त्या रुग्णालयाला कोणालाही कळेल असा रंगीत रिपोर्ट हवा होता.

रुग्णालय बुलढाण्यातलं, डायलिसिसचं. पेशंटने दर रविवारी पुढच्या आठवड्यातल्या आपल्या वेळा वेबसाइटवर पक्क्या करायच्या, नाही केल्या तर ती जागा प्रतीक्षेतल्या दुसऱ्याला, असा तिथला नियम. मशिनी थोड्या आणि माणसं फार, त्यामुळे मला तो पटत होता. माझे धाकटे काकाही तिथेच जात. धामणगाव बढ्याहून एसटीने, काकूंना सोबत घेऊन.

पहिल्या वेळी रिपोर्ट रिकामाच आला. निकाल एका फोल्डरमध्ये पडत होते आणि प्लगइन दुसरीकडे शोधत होता. ते सरळ केलं आणि सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत हिरवं, म्हणजे सगळं पास. मी जेवायला उठणार, तेवढ्यात परतीच्या वाटेत मोताळ्याला उतरलेले काका-काकू दारात उभे. सकाळी बुलढाण्याला गेलेली माणसं इतक्या लवकर परतायला नको होती. काकांच्या डोळ्यांखाली सूज होती आणि दोन पायऱ्या चढून ते भिंतीला टेकले.

"काय झालं, काकू?"

"लावलंच नाही वं माय मशीन," काकू म्हणाल्या. "थे सिस्टर म्हणे, बाबा, तुमचं नावच नाही. म्या म्हटलं, असं काऊन? तं म्हणे, तुम्ही वेळ पक्की नाही केली."

"केली होती का?"

"हाव. शेजारच्या सुनेनं केली ना. नेहमी तेच करते."

काका श्वास जुळवून हसले. "तू त्याच कंपनीत हायेस ना वं? मंग काय तपासतेस थ्या खोलीत बसून, चहा?"

मी हसले नाही. एक वेळ चुकली की त्यांच्या अंगात पाणी साठतं, दुसरी चुकली तर ते छातीपर्यंत जातं, हे डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलेलं होतं. आणि त्या आठवड्याची त्यांची दुसरी वेळही पक्की झालेली नव्हती. रुग्णालयात फोन लावला. नियम तो नियम, जागा दिली गेली, असं उत्तर आलं.

मग त्या सुनेला फोन केला. गल्लीत डायलिसिसचे तीन पेशंट आणि नेटचा धड चालणारा फोन एकटीचाच, म्हणून तिघांचंही तीच भरायची. आधी तिचे सासरे, मग आमचे काका, मग समोरच्या आजी.

"ताई, म्या तिघायचंबी केलं, देवाशपथ," ती रडकुंडीला आली. "तिन्ही वेळा हिरवी खूण आली. काका मलेच बोलून राह्यले असतीन ना?"

"नाही गं. एक सांग, एकाचं झाल्यावर वेबसाइटमधून बाहेर पडून पुन्हा आत जातेस का?"

"एरवी जाते. ह्या रविवारी घाईत होती, तं तसंच पुढचं नाव टाकलं."

फोन ठेवला आणि मी खोलीत गेले. माझी प्रत्येक चाचणी कोऱ्या ब्राउझरने सुरू होते. आधीच्या चाचणीचं काही पुढच्या चाचणीला चिकटू नये म्हणून तसंच करायचं असतं. त्यामुळे माझ्या चाचण्यांतल्या प्रत्येक पेशंटकडे जणू स्वतःचा नवा कोरा फोन होता. असा पेशंट आमच्या तालुक्यात मला तरी माहीत नाही.

नवी चाचणी लिहिली. एकच ब्राउझर, तीन खोटी नावं, एकामागून एक. चालवली आणि रिपोर्टात पहिली लाल पट्टी उमटली. तिच्याखाली प्लगइनने स्क्रीनशॉट जोडला होता. दुसऱ्या पेशंटचं नाव भरल्यावर वेबसाइट पहिल्याचीच पक्की झालेली वेळ पुन्हा दाखवत होती, मोठ्या हिरव्या खुणेसकट. पहिल्याचं नाव वर बारीक अक्षरांत होतं. दुसऱ्याची नोंद झालेलीच नव्हती. तिसऱ्याचीही नाही.

मी पुण्याच्या मॅनेजरला फोन केला. तो माझ्यापेक्षा बराच लहान आहे आणि मनाने चांगला आहे.

"मॅडम, पहिल्याच रिपोर्टात लाल? एवढी चाचणी सध्या वगळून टाका. डेव्हलपरने दुरुस्त केलं की परत घेऊ."

"वगळली की ती करड्या रंगात जाते. करडं कोणी वाचत नाही."

"पण ते लोक म्हणतील, इतके दिवस काय केलंत?"

"म्हणू द्या. यातला दुसरा पेशंट म्हणजे माझे काका. ते आत्ता माझ्या पुढच्या खोलीत उशांना टेकून बसलेत. आडवं झालं की त्यांना दम लागतो."

तो म्हणाला, "पाठवा. वर मी लिहितो, की चूक आपल्या बाजूची आहे."

खाली काकांचं आणि आजींचं नाव अन् माझा नंबर घालून रिपोर्ट गेला. दिवे लागायच्या आत रुग्णालयातल्या मुख्य सिस्टरांचा मला फोन आला. पान त्यांना कोणी समजावून द्यावं लागलं नव्हतं. लाल काय आणि खाली चित्र काय, एवढं त्यांनी पाहिलं होतं. "तुमचे काका आणि त्या आजी, दोघांना सकाळी लवकर घेऊन या," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या पेशंटच्या आधी बसवते."

सकाळी काकांच्या हातात सुया गेल्या, मशीन फिरू लागलं, नळ्या लाल झाल्या. पलीकडच्या पलंगावर आजी होत्या. काकू कॉटपाशी स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी पाठ भिंतीला टेकली.

सिस्टर मला टेबलाशी घेऊन गेल्या. "एका फोनवर अनेक पेशंट, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वेळ पक्की नाही म्हणून मी स्वतः कितीतरी जणांना परत पाठवलंय. त्यातले किती असे होते?"

रिपोर्टात ते नव्हतं. वेबसाइट आज कशी वागते ते चाचण्या सांगतात, मागे काय झालं ते नाही. मी तसं सांगितलं.

त्यांनी संगणकावर फोन नंबर जुळवून पेशंटची यादी लावली. रोहिणखेडच्या एका नंबरावर चार नावं होती. त्यातल्या दोघांची बरेच दिवस कुठलीच नोंद नव्हती, ना वेळेची ना मशिनीवर बसल्याची. सिस्टरांनी टेबलावरचा फोन ओढला आणि तो नंबर फिरवला. पलीकडे कोणी उचलेपर्यंत मी त्या दोघांची नावं कागदावर उतरवून घेतली.