चालायला लागेपर्यंत

कुठलंही नवं लेकरू घरात आलं की मावशी त्याला लगेच उचलून घ्यायच्या नाहीत. तळहात एकमेकांवर घासून ऊन करायच्या, त्याच्यावर वाकायच्या आणि चेहरा वीतभर अंतरावर आणून नुसत्या थांबायच्या. ना चुटक्या, ना लाडाचे बोल. बाळाच्या आईची ऑफिसची वेळ झालेली असायची, ती दारात चुळबुळत असायची. मावशी मागे न बघता म्हणायच्या, "त्याले आंदी पाहू द्या. मंग घेतो." वऱ्हाडातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'घेतो', 'जातो' असंच बोलतात.

अकोल्याला जठारपेठेत, आमच्या मागच्याच गल्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत सतरंजी अंथरलेली, छताच्या कडीला साडीची झोळी बांधलेली. त्या तान्ही मुलं सांभाळायच्या, पण फक्त चालायला लागेपर्यंत. लेकरानं आधाराशिवाय चार पावलं टाकली की "आता दुसरीकडं ठेवा" म्हणून मोकळ्या. कारण विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायच्या. "यायच्या मांगं पळनं होत नाई माह्यानं."

कपाळावर त्या मोठी काळी टिकली लावत. नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत सोडून गेलेला, मूल नाही, आणि टिकली मात्र रुपयाएवढी. गल्लीत त्यावरून कुजबुज चाले. मीही एकदा जरा जास्तच पाहिलं असणार, कारण त्याच म्हणाल्या, "नव्या लेकराले बारीक काई दिसत नाई, ताई. हे काळं दिसते. म्हनून लावतो." तान्ही मुलं आपल्याकडे बघताना डोळ्यांत न बघता कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेवर नजर खिळवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मी तोवर पाहिलं नव्हतं.

पाहायला माझ्याजवळ मूल होतं, पण ते बघत नव्हतं. जन्मताना नीलला श्वास घ्यायला उशीर झाला होता. सहा महिन्यांचा झाला तरी मान धरत नव्हता, मुठी सोडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सगळं होईल पण उशिरा, आणि किती ते आज सांगता येणार नाही. माझी बाळंतपणाची रजा संपलेली. मी अकोल्याच्या बँकेत, नवरा अमरावतीला नोकरीत, शनिवारी संध्याकाळी यायचा. दोन पाळणाघरांनी नीलला बघून नम्रपणे नकार दिला होता. मावशींकडे गेले ती नकार ऐकायच्या तयारीनंच.

त्यांनी हात घासले, वाकल्या, थांबल्या. नीलची नजर पंख्याकडे, भिंतीकडे, कुठंच नाही अशी भिरभिरत होती. मला बँकेत पोचायला हवं होतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. बऱ्याच वेळानं ती नजर त्यांच्या चेहऱ्यावर येऊन टेकली आणि तिथं राहिली.

"पाह्यलं त्यानं," मावशी म्हणाल्या. "जा तुमी."

मी रिक्षात रडले. नीलनं काहीतरी केलं, असं सहा महिन्यांत पहिल्यांदाच कुणी बोललं होतं.

दवाखान्यातल्या बाईंनी व्यायाम शिकवले होते. मावशी माझ्याबरोबर येऊन ते शिकून आल्या. आधी त्यांचं चुकायचंही. पाय उलट्या बाजूनं वळवायच्या, बाई रागवायच्या, आणि मावशी शाळेतल्या मुलीसारख्या "हाव जी, हाव जी" करत. पण मी घरी करायचे तो व्यायाम होता, आणि त्या करायच्या तो खेळ. त्याच्या मुठीत ओलं फडकं द्यायच्या, मग खडबडीत दोरी, मग थंडगार वाटी. किल्ल्यांचा जुडगा एका कानाशी वाजवून तो वळतो का, याची वाट बघायच्या. वाट बघण्यात मी त्यांच्याएवढं चिवट माणूस पाहिलं नाही.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. "आज हे केलं" असं त्या कधीच सांगत नसत. दिवसभर मुलं त्यांच्याजवळ, म्हणजे पहिलं कुशीवर होणं, पहिलं बसणं त्यांच्यासमोरच होत असणार. पण संध्याकाळी त्या एवढंच म्हणायच्या, "आज घरी गेल्यावर वाटीवर फडकं टाकून पाहा." मी घरी जाऊन वाटीवर फडकं टाकायचे. नील फडक्याकडे बघायचा, हात सरकवायचा, फडकं ओढायचा, आणि वाटी तिथंच आहे हे पाहून खुदकन हसायचा. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला दीड वर्षाचा झाल्यावर कळलं. मी अमरावतीला फोन करून नवऱ्याला ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशींनाही सांगितलं. "काय म्हनता," त्या म्हणाल्या आणि झोळीला झोका देत राहिल्या.

बाकीची मुलं येत होती, चालायला लागून जात होती. नील राहिला.

एकदा आम्ही दोघी भाजी घ्यायला बाजारात गेलो होतो. समोरून एक बाई आपल्या चारेक वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मावशी थबकल्या. मुलीच्या आईनं ओळख दिली, विचारपूस केली. मुलगी मात्र अनोळखी माणसाला बघावं तशी बघून आईच्या ओढणीमागे गेली. त्या दोघी दूर गेल्यावर मावशी म्हणाल्या, "इचा पयला दात माह्या बोटाले लागला होता."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

त्या वांगी निवडत होत्या. "त्यायले याद राह्यत नाई, थेच बरं हाय. एक पोरगी मी पाच वर्साची होईपरेंत ठेवली होती. बापाची बदली झाली. नागपूरले गेली अन् तिथं जेवे नाई, झोपे नाई, मले हाका मारे. तिची माय फोनवर रडे." वांगी पिशवीत टाकून म्हणाल्या, "तवापासून ठरवलं. आपली याद राह्याच्या आंदी सोडाचं."

गुडघ्यांचं कारण मी परत कधी विचारलं नाही.

नील तीन वर्षांचा व्हायला आला तेव्हा एका शनिवारी त्या म्हणाल्या, "उद्या त्याच्या बापाले अंगनात बसवा, अन् पोराले भिताडापाशी उभं करा." आम्ही केलं. नीलनं भिंतीवरचा हात काढला, डगमगला आणि सहा-सात पावलं टाकत बापाच्या अंगावर जाऊन पडला.

सोमवारी मी सांगितल्यावर मावशींनी त्याच्या दोन्ही पायांवरून हात फिरवला. "आता न्या."

माझी बदलीची मागणी मंजूर झाली होती, अमरावतीला जायचंच होतं. पण नीलला आता शब्द येत होते, आणि पहिला शब्द होता 'माची'. मावशींचा नेम त्याच्या बाबतीत केव्हाच मोडून गेला होता. निघायच्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत. आत कुणाच्या तरी बाळाला तेल लावत बसल्या होत्या. नील रिक्षातून "माची, माची" ओरडत होता, आणि आतून फक्त त्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

अमरावतीहून मी फोन करायचे. नीलकडे देऊ का म्हटलं तर, "नोको, आवाज वळखन थो. इसरू द्या." तो कित्येक दिवस सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा. मग उभा राहीनासा झाला. वर्षभरानं मी मोबाईलमधला फोटो दाखवला, तर त्यानं विचारलं, "ही कोण?" मावशींना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं."

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. थरथरत्या हातात कोण लेकरू देणार? खोल्या सोडून त्या नांदगाव खंडेश्वरला भावाकडे राहायला गेल्या. मागच्या दिवाळीनंतर मी नीलला घेऊन, न कळवताच, तिथं गेले. तो आता आठ वर्षांचा आहे. डावा पाय किंचित ओढतो, अनोळखी माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

मावशी अंगणात बाजेवर एकट्याच बसल्या होत्या. भाऊ-भावजय शेतात गेलेले. नील "नमस्कार आजी" म्हणाला आणि माझा मोबाईल मागू लागला. मी म्हटलं, "नील, या कोण आहेत माहीत आहे का..." मावशींनी मान हलवून मला थांबवलं.

"तुह्या आईच्या वळखीची आहो मी," त्या त्याला म्हणाल्या.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तब्येत, पाऊस, भावाच्या नातवाचं लग्न. मग त्यांनी हळूच विचारलं, "पयते का थो?"

मी नीलला फाटकापर्यंत पळून यायला सांगितलं. तो धावला. डावं कोपर बाहेर, पाय जरा मागे राहणारा, पण धावला, आणि धापा टाकत परत आला.

"आनखी एक डाव म्हना," मावशी म्हणाल्या.

तो पुन्हा सुसाट गेला. फाटकाबाहेर कुणीतरी शेळीचं पिल्लू बांधलं होतं. ते दिसल्यावर तो तिथंच उकिडवा बसला आणि त्याच्याशी बोलू लागला. "आता काही तो लवकर येत नाही," मी म्हटलं. मधल्या खांबाआड फाटक नीट दिसत नव्हतं, म्हणून मावशी दोन्ही हात टेकत, बाजेवर कडेकडेला सरकत गेल्या.